तुरुंगातून सुटलेल्या आणि दिवाळखोर ठरलेल्या माणसाने बँकेत खातं कसं उघडायचं? (बडोदा)

कारेलीबागची_अश्विनी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत होते. आज पहिल्यांदा धागा काढतेय, कारण घरात कुणालाच पुढचं सुचत नाहीये.

विषय माझ्या मोठ्या भावाचा आहे. दादाचं मकरपुरा जीआयडीसीत लेथचं जॉबवर्क होतं. मोठ्या गिऱ्हाइकाने पेमेंट अडकवलं, दादाने मालवाल्यांना दिलेले चेक परत गेले आणि एकामागून एक १३८ च्या, म्हणजे चेक न वटल्याच्या, केसेस लागल्या. वकिलांच्या सल्ल्याने जिल्हा न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला, तो मंजूरही झाला. पण चेकच्या केसेसमधली शिक्षा काही टळली नाही. ती पूर्ण भोगून दादा आता घरी आलाय.

ओळखीच्या एका कारखान्यात सुपरवायझरची नोकरी ठरली आहे. मालकांना सगळं माहीत आहे. त्यांची अट एकच, पगार खात्यात जमा होणार, हातात रोख मिळणार नाही. आणि गाडी नेमकी तिथेच अडली आहे.

पहिल्या बँकेत फॉर्म घेतला, आधार बघितलं, मग विचारलं की इतकी वर्षं कुठेच व्यवहार का नाही. दादाने खरं ते सांगितलं. साहेब आत जाऊन आले आणि म्हणाले, "उपरथी ना छे." वर म्हणजे कोण, नकार का, काही नाही. कागद परत. दुसऱ्या बँकेत सांगितलं की सिबिल (कर्जफेडीची नोंद) खराब आहे, खातं निघणार नाही. तिसरी बँक म्हणजे जिथे दादाचं सीसी लिमिट (धंद्यासाठीचं कॅश क्रेडिट कर्ज) होतं ती. तिथे जायला त्याचे पाय वळत नाहीत.

माझे प्रश्न: अशा माणसाला खातं द्यायचं नाही असा खरंच काही कायदा आहे का? सिबिलचा बचत खात्याशी काय संबंध? खातं निघालंच तर जुने घेणेकरी पगार ओढून नेतील का? आई म्हणते, तुझ्याच खात्यात त्याचा पगार घे. तसं करावं का?

सुरसागर
रुमाल टाकून ठेवते. आमच्या नात्यातही असंच एक प्रकरण चालू आहे.

रावपुरा_८२
ताई, आधी पोस्टात जा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं आधार आणि अंगठ्यावर निघतं, पोस्टमनसुद्धा घरी येऊन उघडून देतो. ही बँक कर्ज देतच नाही, त्यामुळे सिबिलचा प्रश्न निघायचं कारणच नाही. फक्त दिवसअखेर दोन लाखांच्या वर शिल्लक ठेवता येत नाही. दादाचा पगार सुरू व्हायला तेवढं पुरे.

शेवउसळ
पोलिसांकडून कॅरेक्टर सर्टिफिकेट काढा आणि सोबत जोडा. माझ्या भाच्याला नोकरीच्या वेळी लागलं होतं.

निवृत्त_रोखपाल
शेवउसळ, राग मानू नका, पण हा सल्ला त्यांना उलट्या दिशेला नेईल. बचत खात्यासाठी चारित्र्याचा दाखला लागत नाही, कोणत्याच बँकेला मागता येत नाही. एकदा आपणहून दिला की पुढच्या टेबलावरचा माणूस तो सगळ्यांकडे मागायला लागतो.

अश्विनीताई, मी शाखेत काउंटरच्या आत आयुष्य काढलंय, म्हणून आतली बाजू सांगतो. खातं उघडायचा फॉर्म एकदा शांतपणे वाचा. नाव, जन्मतारीख, पत्ता, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, पॅन किंवा ते नसल्यास त्याऐवजीचा फॉर्म, तुम्ही राजकीय पदावरची व्यक्ती आहात का, भारताबाहेर कर भरता का, वारसाचं नाव. एवढंच. 'तुम्हाला शिक्षा झाली होती का' असा रकाना त्यात नाही. 'दिवाळखोर आहात का' हाही नाही. दादांनी विचारल्यावर खरं सांगितलं ते योग्यच केलं. पण न विचारता तुरुंगाची कहाणी सांगायची त्यांच्यावर सक्ती नाही.

रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याचे, मुख्य निर्देश २०१६ मध्ये आले, पुढे त्यात बरेच बदल झाले. त्यात स्पष्ट लिहिलंय की बँकेच्या ग्राहक स्वीकारण्याच्या धोरणामुळे सामान्य माणसाला, विशेषतः आर्थिक किंवा सामाजिकदृष्ट्या मागे पडलेल्याला, बँकेची सेवा नाकारली जाता कामा नये. जोखमीचा विचार बँक करते, करायलाच हवा. ज्याची जोखीम जास्त वाटते त्याची केवायसी दर दोन वर्षांनी तपासतात, कमी जोखमीच्या ग्राहकाची दहा वर्षांनी. म्हणजे जास्त जोखीम असेल तर लक्ष जास्त ठेवायचं. दार बंद करा असं त्यात कुठेच नाही.

मग शाखेत नकार का मिळतो? कारण नकार दिला म्हणून कुणा अधिकाऱ्याला कधी मेमो मिळत नाही. खातं दिलं आणि उद्या त्यात काही निघालं तर मात्र उघडणाऱ्याची सही शोधतात. मी त्या खुर्चीत बसलोय, ती भीती खोटी नाही. पण ती अधिकाऱ्याची अडचण आहे, तिची किंमत ग्राहकाने का मोजायची?

काय मागायचं ते सांगतो. 'बेसिक सेव्हिंग्ज बँक डिपॉझिट अकाउंट', बोलीभाषेत झीरो बॅलन्स किंवा जनधन. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये सांगितलंय की हे खातं सगळ्यांना उपलब्ध असलेली साधी बँकसेवा समजायची. किमान शिल्लक नाही, एटीएम कार्ड फुकट, महिन्यातून निदान चार वेळा पैसे काढणं फुकट. फॉर्मवर हेच नाव लिहा. आणि नकार आला तर भांडू नका, फक्त एवढंच म्हणा, "नकाराचं कारण लिहून द्या." कारण नोंदवणं हे त्यांचं काम आहे.

मांडवीचा_मुलगा
काका, वाखू (वाचनखूण) साठवली. असा प्रतिसाद बँकेच्या भिंतीवर लावायला हवा.

मकरपुरा_युनिट
सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून लिहितो. मी त्याच जीआयडीसीत छोटा पुरवठादार आहे. अश्विनीताईंच्या भावाशी माझा संबंध नाही, पण अशाच एका पार्टीने माझे पैसे बुडवले. चेक परत आला तेव्हा माझ्याकडच्या माणसांचा पगार मी बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून केला. समोरच्याने कोर्टातून दिवाळखोरी घेतली आणि मोकळा झाला. आता त्याला खातं द्या, कार्ड द्या, नोकरी द्या. माझ्या पैशाचं काय, हे इथे कुणी विचारलं का?

कारेलीबागची_अश्विनी
मकरपुरा_युनिट, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. तुमचं म्हणणं रास्त आहे. ज्यांचे चेक परत गेले त्यातल्या एका काकांना आम्ही लहानपणापासून ओळखतो, त्यांच्या घरी जायला आईला आजही अवघड वाटतं. माझा दादा मोकळा झालेला नाही. त्याला पैसे फेडायचे आहेत, आणि पगारच सुरू झाला नाही तर फेडणार कशातून?

सुरसागर
मकरपुरा_युनिट, तुमची चीड कळते. पण विचार करा, खातं नसलेला माणूस रोखीत काम करणार. रोख कुठून आली, कुठे गेली, कुणाला कळणार? खात्यात पगार आला तर कोर्टाला दिसेल, तुम्हालाही दिसेल. घेणेकऱ्याच्या दृष्टीने तर समोरच्याला खातं असणंच बरं.

मकरपुरा_युनिट
हा मुद्दा पटतो. राग आहे तो आहेच.

दांडियाबाजार
थोडं अवांतर. ही चर्चा बडोद्यात व्हावी याचं मला विशेष वाटतं. पत नसलेल्या माणसाची पत उभी करायचं काम याच गावात सुरू झालं. १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर आणि त्यांच्या सोबत्यांनी इथे अन्योन्य सहायकारी मंडळी काढली. देशात सहकारी पतसंस्थांचा कायदा आला १९०४ मध्ये, म्हणजे आपली मंडळी त्याच्या पंधरा वर्षं आधीच कामाला लागली होती. पुढे १९०८ मध्ये सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदा स्थापन केली. एकट्याच्या शब्दावर कुणी पैसे देत नाही म्हणून चार जणांनी एकमेकांच्या पाठीशी उभं राहायचं, असा त्या मंडळीचा विचार होता. त्याच गावात आज एका माणसाला पगार ठेवायला खातं मिळत नाही, हे मला खरोखर लागलं.

शेवउसळ
दांडियाबाजारकाका, मंडळीची माहिती छान. आमचे आजोबा तिथले सभासद होते असं घरात सांगतात. यावरून आठवलं, सहकारी बँकेत खातं उघडलं तर सोपं जाईल का? ओळखीने काम होतं.

निवृत्त_रोखपाल
सहकारी बँकेलाही केवायसीचे हेच नियम लागू आहेत. ओळख असेल तर बोलणं सोपं होतं, हे खरं. पण बँक कोणतीही निवडा, रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातलेले नाहीत ना, एवढं बघा. ठेव विमा फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत आहे, पण निर्बंध आल्यावर हातात पैसे यायला वेळ लागतो. पगारावर घर चालवणाऱ्याला तेवढा वेळ काढता येत नाही.

न्यायमंदिर_ते_दिवाळीपुरा
उशिरा येतेय, माफ करा. जिल्हा न्यायालयात वकिली करते. अश्विनीताईंच्या प्रश्नांतला दिवाळखोरीचा भाग अजून कुणी नीट हाताळलेला नाही, म्हणून जरा सविस्तर.

२०१६ चा नवा दिवाळखोरी कायदा कंपन्यांपुरता सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातला व्यक्तींचा भाग डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी. तुमच्या दादांसारख्या एकट्या धंदेवाल्याला आजही १९२० चाच प्रांतिक दिवाळखोरी कायदा लागतो. ब्रिटिश काळातला, पण चालू आहे.

त्या कायद्यात दिवाळखोराने बँकेत खातं ठेवू नये असं कुठेही म्हटलेलं नाही. बंधन आहे ते उधारीवर. कलम ७२ म्हणतं की मुक्तता न मिळालेल्या (न्यायालयाने जुन्या देण्यांतून अजून मोकळं न केलेल्या) दिवाळखोराने, आपण दिवाळखोर आहोत हे न सांगता पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त उधारी घेतली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आकडा १९२० चा आहे, पण तो बदललेला नाही. म्हणून ताई, जनधन खात्याला दहा हजारांपर्यंत ओव्हरड्राफ्टची सोय असते, तिला हात लावायचा नाही. फोनवर 'आता घ्या, नंतर द्या' वाली जी ॲप्स येतात त्यांनाही नाही. क्रेडिट कार्ड तर नाहीच. डेबिट कार्ड आणि यूपीआय बिनधास्त वापरा, तो स्वतःचाच पैसा आहे.

आता पगार कुणी ओढून नेईल का? दिवाळखोर ठरल्यानंतर आणि मुक्तता मिळण्याआधी जी मालमत्ता हाती येते ती कलम २८ नुसार न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे (मालमत्ता सांभाळायला न्यायालयाने नेमलेल्या माणसाकडे) जाते. पण दिवाणी प्रक्रिया संहितेत जे जप्तीतून वगळलंय ते यातूनही वगळलेलं आहे. पगाराच्या बाबतीत पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग जप्तीबाहेर राहतो. पोटगीची थकबाकी असेल तर हिशोब वेगळा. शिवाय न्यायालयाच्या परवानगीशिवाय एकट्यादुकट्या घेणेकऱ्याला दिवाळखोराच्या मालमत्तेवर हात टाकता येत नाही. समजा पगार १९,००० आहे. हजार बाजूला, राहिले १८,०००, त्याचे दोन तृतीयांश १२,०००. म्हणजे १३,००० सुरक्षित, उरलेल्या ६,००० बद्दल न्यायालय काय ते ठरवेल.

आईंचं ऐकू नका, हे मात्र हात जोडून सांगते. त्यांचं मन कळतं मला. पण दादांचा पगार तुमच्या खात्यात गेला तर उद्या कुणीही म्हणेल की दिवाळखोराने उत्पन्न लपवलं. मुक्ततेचा अर्ज येईल तेव्हा तीच गोष्ट आडवी येईल. तुमच्या आयकराचा घोळ होईल तो वेगळाच. दादांच्याच नावाने खातं, आणि ते उघडल्याबरोबर रिसीव्हरला एका ओळीचं पत्र: अमुक बँक, अमुक शाखा, अमुक ठिकाणी नोकरी. त्या पत्राची पोच जपून ठेवा.

आजवा_रोड
वकीलताई, एक शंका. दिवाळखोर ठरल्यावर १३८ मधून सुटका व्हायला हवी ना? मग यांच्या दादांना शिक्षा कशी झाली?

न्यायमंदिर_ते_दिवाळीपुरा
दिवाळखोरीत देण्याघेण्याचा दिवाणी भाग येतो. चेक न वटणं हा १३८ खाली फौजदारी गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. न्यायालयाने अटकेपासून संरक्षण दिलं तरी ते देण्यापोटी होणाऱ्या अटकेपुरतं. फौजदारी शिक्षेला ते लागू पडत नाही. पुष्कळ लोक इथेच फसतात.

निवृत्त_रोखपाल
वकीलताईंनी सांगितलंय त्यात बँकेच्या अंगाने थोडी भर. जिथे सीसी लिमिट थकलंय त्या बँकेत खातं उघडू नका. दादांचे पाय तिकडे वळत नाहीत ते बरंच आहे. थकीत कर्जदाराच्या खात्यात पैसे आले की संगणकच त्यावर होल्ड लावतो. बँकेला तसा हक्क आहे की नाही हे पुढे कोर्टात ठरेल, पण तोवर पगार अडकलेला राहील.

आणि सिबिल. तो उधारीचा इतिहास आहे, बचत खात्यात बँक तुम्हाला पैसे देत नाही, तुम्ही बँकेला देता. सिबिल खराब म्हणून बचत खातं नाकारायला काही आधार नाही. तरी आपला अहवाल मागवून बघा. सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात चूक असेल तर तक्रार करा, तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम आहे.

इंदूरची_मधुरा
मी इंदूरहून लिहितेय. आमच्याकडे बंदिवानांच्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या एका गटात मी असते, त्यामुळे हा विषय अगदी जवळचा. एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते: माणूस आत असतानाही खातं उघडता येतं. ओळखीचा कुठलाच सरकारी कागद नसेल तर 'छोटं खातं' मिळतं, त्याला नुसता फोटो आणि सही किंवा अंगठा लागतो. बंदिवानाच्या बाबतीत सही तुरुंगाधिकाऱ्यासमोर होते, तोच ती प्रमाणित करतो आणि दरवर्षी पत्त्याचा दाखला देतो. शिल्लक ५० हजारांपर्यंत, महिन्याला १० हजारांपर्यंत काढता येतात, वर्षाला एक लाखापर्यंत जमा. तुरुंगातली मजुरी त्यात टाकता येते. सुटून आलेल्या माणसाच्या हातात निदान एक चालू पासबुक असतं, आणि 'इतकी वर्षं व्यवहार का नाही' हा प्रश्नच येत नाही.

आधार नसलेल्यांसाठीही सोय आहे. तुरुंगात दाखल करून घेतानाचा जो कागद असतो, तो अधिकाऱ्याच्या सहीने दिला तर आधारच्या नोंदणीला चालतो. हे आत असतानाच करून घेतलं पाहिजे. बाहेर आल्यावर माणूस आधीच इतका दबलेला असतो की प्रत्येक खिडकीशी तो माफी मागितल्यासारखा उभा राहतो.

सुरसागर
मधुरा, शेवटचं वाक्य वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडे अगदी हेच बघतेय.

कारेलीबागची_अश्विनी
सगळ्यांचे मनापासून आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे एका वेगळ्याच बँकेत, जिथे दादाचं कधीच काही नव्हतं, झीरो बॅलन्सचा फॉर्म भरला. इथे फॉर्म घेतला, पण नवीनच अडचण. आधारला जोडलेला मोबाइल नंबर दादा आत असताना रिचार्जविना बंद पडला आणि कंपनीने तो दुसऱ्या कुणाला देऊन टाकला. ओटीपी त्या माणसाकडे जातो! मी फोन केला तर तो बिचारा म्हणाला, "बेन, रोज कोई ने कोई ओटीपी आवे छे." अंगठा घेऊन करू म्हटलं तर लेथवर काम करून दादाच्या बोटांचे ठसे झिजलेत, मशीन घेतच नाही. क्लार्क म्हणाल्या, मोबाइल बदलून या.

रावपुरा_८२
आधार सेवा केंद्रात जा. नंबर बदलायला जुन्या नंबरचा ओटीपी लागत नाही, माणूस स्वतः समोर हवा. दहाही बोटं परत स्कॅन करायला सांगा, एखादं बोट चांगलं उमटतंच. डोळ्यांवरूनही ओळख पटते. त्या परक्या माणसाला मात्र तुमचा कुठलाही ओटीपी विचारू नका, त्यात तोही अडकेल आणि तुम्हीही.

निवृत्त_रोखपाल
शिवाय ओटीपीशिवाय कागदावर केवायसी होतेच. आधारची प्रत, किंवा मतदार ओळखपत्र, किंवा लायसन्स. मूळ दाखवायचं, प्रतीवर सही करायची. अंगठा आणि ओटीपी ही बँकेची सोय आहे, तेवढ्यावरून खातं अडवता येत नाही. पॅन असेल तर ते आधारला जोडलेलं आहे का बघा, बऱ्याच जणांचं जुलै २०२३ पासून निष्क्रिय झालंय.

मांडवीचा_मुलगा
एक सावधगिरीची गोष्ट, कारण आमच्या पोळात घडलेली आहे. सुटून आलेल्या, पैशाची चणचण असलेल्या मुलांना गाठून काही लोक म्हणतात, खातं उघड, कार्ड आणि सिम आम्हाला दे, महिन्याला पाच हजार घे. त्या खात्यातून सायबर फसवणुकीचा पैसा फिरतो. पोलीस येतात ते खातेदाराच्या दारात. बँका अशा खात्यांनाच घाबरून असतात. दादांना सांगून ठेवा, कार्ड आणि सिम कुणाच्या हातात द्यायचं नाही, अगदी मित्राच्याही.

शेवउसळ
आणि इतकं करूनही बँकेने नाहीच म्हटलं तर?

निवृत्त_रोखपाल
मग लेखी तक्रार त्याच बँकेकडे, पोच घेऊन. सोबत लीड डिस्ट्रिक्ट मॅनेजरना प्रत. प्रत्येक जिल्ह्याला एक लीड बँक असते, आपल्या जिल्ह्याची बँक ऑफ बडोदा, आणि जिल्ह्यात खाती उघडली जातायत की नाही हे बघणं या अधिकाऱ्याचं कामच आहे. मी नोकरीत असताना अशा एका फोनने बंद फाइल दुसऱ्या दिवशी उघडलेली पाहिली आहे. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. तक्रार ऑनलाइन करता येते, फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८.

कारेलीबागची_अश्विनी
मंडळी, खातं उघडलं! मोबाइल नंबर बदलून झाला, डाव्या हाताची करंगळी मशीनने घेतली. मॅनेजरबाईंनी दादाला एकच विचारलं, "नोकरी कुठे?" कारखान्याचं पत्र दाखवलं, त्यांनी सही केली. ओव्हरड्राफ्ट नको असं दादाने स्वतःच सांगितलं. या महिन्याचा पगार खात्यात येईल. रिसीव्हरच्या ऑफिसात पत्र देऊन पोचही घेतली.

दांडियाबाजार
अभिनंदन! फार बरं वाटलं. दादांना आमचा नमस्कार सांगा.

सुरसागर
अभिनंदन अश्विनी. मी उद्याच आमच्या भावाला हा धागा वाचायला देते.

न्यायमंदिर_ते_दिवाळीपुरा
उत्तम झालं. आता एक काम लगेच करा. दिवाळखोरीच्या आदेशाची प्रत काढून कलम २७ खाली मुक्ततेचा अर्ज करायला किती मुदत दिली आहे ते बघा. ती मुदत दादा आत असताना उलटून गेली असेल तर दिवाळखोरीचा आदेशच रद्द होऊ शकतो आणि सगळे घेणेकरी वसुलीला पुन्हा मोकळे होतील. न्यायालय योग्य कारण असेल तर मुदत वाढवून देतं, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. तुमचे जुने वकील नसतील तर दिवाळीपुऱ्याच्या कोर्टातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, हेल्पलाइन १५१००.

कारेलीबागची_अश्विनी
मुदतीचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. उद्या सकाळीच प्रतीसाठी अर्ज करते.

मकरपुरा_युनिट
ताई, खातं निघालं ते चांगलं झालं, मनापासून म्हणतोय. वकीलताई, आता माझं विचारतो. माझ्या पार्टीच्या दिवाळखोरीत माझं नाव घेणेकऱ्यांच्या यादीत होतं की नाही हेच मला माहीत नाही. नोटीस आली नाही, मी कधी गेलो नाही. आता काही करता येतं का?

न्यायमंदिर_ते_दिवाळीपुरा
येतं. त्याला मुक्तता मिळालेली नसेल तर त्याआधी कधीही तुम्ही तुमचं येणं सिद्ध करायला अर्ज करू शकता आणि यादीत नाव घालून घेऊ शकता. परत आलेला चेक, बँकेचा मेमो, बिलं, डिलिव्हरी चलन, जे असेल ते काढून ठेवा. केस नंबर माहीत नसेल तर त्याच्या नावाने ई-कोर्ट्सवर शोधा, जिल्हा वडोदरा निवडा. सापडला की मला इथेच निरोप टाका, पुढचा अर्ज कसा लिहायचा ते सांगते.